राज्य बदललं, तर पेन्शन कोण देणार?

प्रश्न : 1997 साली हाँगकाँग ब्रिटनकडून चीनकडे गेलं. तिथल्या सरकारी नोकरांची पेन्शन बुडू नये म्हणून नेमकं काय केलं होतं? नुसत्या करारावर भागलं का?
(निवृत्त लेखाधिकारी, सांगली)

उत्तर : नाही भागलं, आणि अशा बाबतीत करारावर विसंबूही नये. 19 डिसेंबर 1984 च्या चीन-ब्रिटन संयुक्त जाहीरनाम्यात पेन्शनची हमी होतीच. पण दोन सरकारांमधल्या कराराच्या जोरावर एकट्या पेन्शनरला भांडणं अवघड. म्हणून 4 एप्रिल 1990 ला चीनमध्ये मंजूर झालेल्या हाँगकाँगच्या मूलभूत कायद्यात (ही तिथली जणू राज्यघटनाच) ती हमी कलम 102 म्हणून आली. आधी निवृत्त झालेले, पुढे होणारे आणि त्यांच्यावर अवलंबून असलेले कुटुंबीय, सगळे त्यात धरले आहेत. अटी पूर्वीपेक्षा वाईट करायच्या नाहीत. शिवाय पेन्शनर कुठल्या देशाचा नागरिक आहे, कुठे राहतो, हे पाहायचं नाही. हे शेवटचं वाक्य सर्वांत मोलाचं. मुलाकडे कॅनडात राहायला गेलेल्या कारकुनाची पेन्शन त्यामुळेच सुरक्षित राहते.

आता 'पूर्वीच्या अटी' कुणाला वाकवता येऊ नयेत, तर त्या आकड्यांत हव्यात. जुन्या योजनेत नोकरीच्या दर महिन्याला पेन्शनपात्र पगाराचा 1/600 भाग धरतात, कमाल मर्यादा दोन तृतीयांश. म्हणजे 400 महिने, 33 वर्षं 4 महिने भरले की पूर्ण पेन्शन. 1 जुलै 1987 पासून लागलेल्यांना 1/675, म्हणजे 450 महिने. कागद-पेन्सिल घेऊन कुणीही ताडून पाहावं, इतकं हे स्वच्छ आहे.

पैसा सरकारच्या सर्वसाधारण महसुलातूनच येतो. तिथे खडखडाट झाला तर हाताशी असावा म्हणून 1995 मध्ये वेगळा पेन्शन राखीव निधी काढला.

खरी गफलत होते ती चलनात. हाँगकाँगचा डॉलर 1983 पासून अमेरिकी डॉलरला 7.80 दरानं बांधलेला आहे, पौंडाला नाही. पेन्शन पै न पै मिळाली, तरी इंग्लंडमध्ये घर चालवणाऱ्याला पौंड वधारला की ती तोकडी पडणार. कलम 102 ही झीज भरून देत नाही. त्यासाठी ब्रिटिश संसदेनं 1996 मध्ये वेगळा कायदा करून हाँगकाँगला बाहेरून नोकरीला आलेल्या अशा अधिकाऱ्यांच्या पेन्शनला पुरवणी रकमेची सोय केली.

प्रश्न : आपल्याकडे 1947 ला गोऱ्या अधिकाऱ्यांच्या पेन्शनचं काय झालं?
(वाचक, नाशिक)

उत्तर : स्वातंत्र्य कायद्याच्या कलम 10 नं भारतमंत्र्यानं (भारताचा कारभार पाहणारा लंडनमधला ब्रिटिश मंत्री) नेमलेल्यांचे पगार, रजा, पेन्शन राखले. पौंडांत द्यायच्या पेन्शनींचा हिशेब मात्र 1948 मध्ये मिटवला. लंडनमध्ये अडकलेल्या भारताच्या पौंड शिल्लकीतून 16 कोटी 80 लाख पौंड ब्रिटनला दिले. त्यातले 14 कोटी 75 लाख केंद्राच्या पेन्शनींसाठी, बाकीचे प्रांतांच्या. बदल्यात ब्रिटननं या पेन्शनींसाठी भारताला दरसाल ठरावीक रक्कम द्यायची, तीही वर्षागणिक घटत जाणारी. कारण पेन्शनर कमीच होत जाणार होते.