पोळ्याचं भांडण आणि पाचशेची पावती

‘ताई, पोराच्या नावावर केस हाये. आता त्याले नोकरी लागन का? का फॉर्मात लिहूच नये?’ यवतमाळकडच्या गावांत समुपदेशन करताना हा प्रश्न मला दर भरतीच्या हंगामात ऐकू येतो. विचारते बहुतेक वेळा आईच. पोरगा दाराशी उभा राहून चपलेकडे बघत असतो.

हाही तसाच उभा होता. वय चोवीस. पोलीस भरतीसाठी पहाटे सोळाशे मीटर धावायचा, ते अचानक बंद केलेलं. झोप नाही, जेवणाकडे लक्ष नाही. मी चार भेटी झोपेवर आणि श्वासावर घालवल्या, ही माझी चूक. भीती डोक्यात नव्हतीच, ती घरातल्या पत्र्याच्या पेटीत होती. पाचव्या भेटीत म्हटलं, ‘कागद घेऊन ये.’

२०१८च्या पोळ्यात तोरणाखाली बैलांच्या रांगेवरून दोन घरांत जुंपली होती. काठ्या चालल्या. तेव्हाच्या दंड संहितेचं कलम ३२४ (घातक हत्यारानं दुखापत) लागलं, बाप, काका आणि हा, तिघांवर. मग तारखाच तारखा. ‘प्रत्येक तारखेले मजुरी बुडे,’ आई सांगत होती. ‘कोणी तरी म्हणलं, कबूल करून टाक, पाचशे भर, मोकळा होशील.’ २०२१ साली त्यानं तेच केलं.

इथं मला थांबावंसं वाटतं, कारण हे गावोगाव होतं. गुन्हा कबूल करून दंड भरला म्हणजे केस मिटली असं लोक धरून चालतात. कोर्टाच्या लेखी ती दोषसिद्धी, म्हणजे गुन्हा शाबीत झाल्याची नोंद असते. पाचशेची पावती सुटकेचा कागद म्हणून त्या पेटीत जपून ठेवलेली होती. ती खरं काय आहे हे त्याला कळलं भरतीचा फॉर्म वाचताना, आणि धावणं थांबलं.

कायद्याचं मला फार कळत नाही. म्हणून तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीत त्याला घेऊन गेले. तिथं शनिवारी फी न घेता बसणाऱ्या एका वकीलताईंनी कागद उलटसुलट पाहिले आणि एकच विचारलं, ‘तुझी जन्मतारीख काय रे?’ आरोपपत्रात वय १९ लिहिलेलं. अंदाजानं, त्याचं आडवं हाड बघून असावं! शाळेच्या दाखल्याप्रमाणे भांडणाच्या दिवशी तो सतरा वर्षं चार महिन्यांचा होता.

बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार घटनेच्या दिवशी वय अठराच्या आत होतं, हा मुद्दा निकाल लागून गेल्यावरही कोर्टात काढता येतो. पुरावा म्हणून आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र बघतात. म्हणणं टिकलं तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं, कोर्टानं दिलेली शिक्षा निष्प्रभ ठरते. शिवाय अशा मुलाला त्या दोषामुळे पुढे अपात्र धरता येत नाही, आणि निकाली निघालेल्या प्रकरणाची नोंद पोलिसांनी चारित्र्य पडताळणीत उघड करायची नसते.

तो प्रौढ असता तर? वाट अवघड असती. सज्ञान माणसाची नोंद अर्ज केला की पुसली जाते, अशी सरसकट सोय आपल्याकडे नाही. तरीही फॉर्ममध्ये लपवू नका. २०१६च्या अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलं: माहिती खरीच द्यायची. कोवळ्या वयातल्या किरकोळ प्रकरणाकडे मालक काणाडोळा करू शकतो. लपवाछपवी मात्र नोकरी घालवू शकते.

वकील परवडत नाही म्हणून घरी बसू नका. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, कोठडीतले लोक यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. विधी सेवेच्या १५१०० या हेल्पलाइनवर फोन करून विचारता येतं.

शाळेत दाखलखारीज रजिस्टरचा उतारा काढायला दोघं मायलेक गेले. गुरुजी तेच, जुने. ‘काहून पाह्यजे?’ त्यांनी विचारलं. पोरानं पहिल्यांदाच दुसऱ्या कोणाला सगळं सांगितलं. गुरुजींनी उतारा दिला, वर चहाही पाजला.

कोर्टानं त्याचं वय मान्य केलंय. प्रकरण मंडळाकडे गेलंय, पुढची तारीख पोळ्यानंतरची. तोवर तो पहाटे धावतोय, आणि आईनं पाचशेची पावती पेटीतून काढून वकीलताईंकडे दिलीय.