पाण्यातली बादली हलकी का लागते?

तुमचे प्रश्न दोन: विहिरीतून पाणी शेंदताना बादली पाण्यात असेपर्यंत हलकी आणि बाहेर येताच जड का लागते, आणि विहीर खोल असेल तर ती अजून हलकी लागेल का?

लोखंडी बादली दोन किलोची आणि आत पंधरा लिटर पाणी धरा. बादली बुडालेली असते तेव्हा आतल्या पाण्याचं वजन तुमच्या हाताला लागतच नाही, ते भोवतीच्या पाण्याने तोललेलं असतं. उरलं लोखंड. ते जेमतेम पाव लिटर पाणी बाजूला सारतं, म्हणजे पाव किलो तिथे सुटलं. हातात पावणेदोन किलो. बादलीचा काठ पाण्याबाहेर येऊन तळ सुटेपर्यंत, म्हणजे हातभर अंतरात, त्याचे सतरा किलो होतात. नवखा माणूस दोर सोडतो तो इथेच.

दुसऱ्याचं उत्तर: नाही. खोल गेल्यावर दाब वाढतो हे खरं, बुडी मारली की कान दुखतात ते त्यामुळेच. पण दाब वरूनही असतो आणि खालूनही. झाकण घट्ट बसवलेला एक चौकोनी डबा घ्या, तळ दहा बाय दहा सेंटिमीटर, उंची तीस. त्याचं झाकण चार मीटर खोलीवर असेल तर पाणी ते ४० किलोच्या जोराने खाली दाबतं आणि तळाला ४३ किलोने वर रेटतं. आठ मीटरवर ८० आणि ८३. फरक तीन किलोचाच, आणि डब्याचं आकारमानही तीन लिटरच. आर्किमिडीजचा नियम म्हणून शाळेत जे घोकलं ते हेच. (डबा दाबाने चेपला तर हिशेब बदलेल.)

हा वर रेटणारा जोर खालच्या पाण्याचा असतो, याची खात्री मला गाळात रुतलेल्या घागरीने पटवली. दोर तुटून आमची तांब्याची घागर तळाला गेली होती. गळ अडकला, पण दोघांनी ओढूनही ती हलेना. ओढलं की तळाखाली पोकळी व्हायला बघते, चिखलातून तिथे पाणी झटकन शिरत नाही, खालचा दाब घटतो आणि वरचा मात्र तसाच राहतो. नुसती ताकद लावली तर गळ वाकतो नाहीतर कडी निघून येते.

आजोबांनी दोर हातात घेतला आणि सरळ वर न ओढता आडवे हिसके द्यायला लागले, एकदा इकडे, एकदा तिकडे. थोड्या वेळाने बुडबुडे आले, पाणी गढूळ झालं. "पाणी शिरलं खाली, आता ओढ," म्हणाले. घागर एका हाताने आली, पाण्याच्या वर येईपर्यंत.