सावळ्या त्वचेवरचे डाग

प्रश्न: डॉ. सुसान टेलर यांचं नाव अलीकडे वाचलं. त्यांनी नेमकं काय केलं? आपल्या रंगाशी त्याचा काय संबंध? (वाचक, सांगली)

उत्तर: डॉ. टेलर या सावळ्या-काळ्या त्वचेच्या आजारांवर काम करणाऱ्या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ. त्यांचं काम समजायला थोडं मागे जावं लागेल. त्वचा उन्हात किती भाजते आणि किती काळवंडते यावरून तिचे प्रकार पाडणारी डॉ. फिट्झपॅट्रिक यांची मोजपट्टी १९७५ची. तिच्यात आधी फक्त गोऱ्या त्वचेचे चार प्रकार होते. गव्हाळ आणि काळ्या रंगासाठी पाचवा-सहावा नंतर जोडला गेला. आपल्यापैकी बहुतेक जण चौथ्या-पाचव्या प्रकारात मोडतात. पाठ्यपुस्तकांतले फोटोही प्रामुख्याने गोऱ्या त्वचेचेच असत. त्यातला लालपणा सावळ्या अंगावर जांभळट किंवा गडद तपकिरी दिसतो, म्हणून आजार उशिरा ओळखला जातो. हॉवर्ड विद्यापीठात डॉ. जॉन केनी यांनी कृष्णवर्णीयांच्या त्वचेचा, विशेषतः कोडाचा, अभ्यास केला. डॉ. टेलर यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये अशा रुग्णांसाठी खास केंद्र उभं केलं, २००४ मध्ये 'स्किन ऑफ कलर सोसायटी' स्थापन केली आणि २०२५ मध्ये त्या अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या अकादमीच्या अध्यक्ष झाल्या.

प्रश्न: मुलीच्या पिंपल्स बसतात, पण काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. मेडिकलमधून आणलेल्या क्रीमने आठवड्यात चेहरा उजळला, बंद केल्यावर लाल होऊन पुरळ उठला. काय करावं? (वाचक, चिपळूण)

उत्तर: आधी त्या ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. 'मोमेटासोन', 'बीटामेथासोन' किंवा 'क्लोबेटासोल' असेल तर ते स्टेरॉइड आहे. झटपट उजळपणा त्याचाच, आणि थांबवल्यावर उठलेला पुरळही त्याचाच. काही दिवसच लावलं असेल तर बंद करा. महिनोन्‌महिने लावलं असेल तर पुरळाला घाबरून पुन्हा सुरू करू नका; ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. ते कसं सोडवायचं, हे त्यांनीच ठरवावं.

आता डाग. आपल्या त्वचेत रंगपेशींची संख्या गोऱ्यांइतकीच असते, पण त्या रंगद्रव्य जास्त बनवतात आणि कुठेही दाह झाला की आणखी सोडतात. डाग खिडकीजवळ उजेडात पाहा. तपकिरी असेल तर रंग वरच्या थरात आहे; तो काही महिन्यांत फिका होतो. करडा-निळसर असेल तर रंग खाली उतरलेला आहे. त्याला वर्ष किंवा जास्तही लागेल.

नवे पिंपल्स थांबल्याशिवाय डागांवरचा खर्च वाया जातो. त्यासाठी डॉक्टर बहुधा ॲडापलीन ०.१ टक्के देतात. रात्री तोंड धुऊन, पूर्ण कोरडं झाल्यावर, अख्ख्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याच्या दाण्याएवढंच. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड. घाईने रोज, जास्त किंवा फक्त डागावर थापलं की त्वचा जळते, सोलते आणि तिथेच नवा डाग पडतो. आपल्याकडे हे फार होतं. गर्भारपणात ते वापरायचं नाही. त्या काळात ॲझेलिक ॲसिड चालतं, डॉक्टरांना विचारून. लिंबू, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट यांनीही दाहच वाढतो.

सनस्क्रीन मात्र रोज. एसपीएफ ३० किंवा जास्त, दोन बोटांच्या लांबीइतकं, चेहरा आणि मान मिळून. उन्हात असेल तर दर दोन तासांनी पुन्हा. रंग असलेलं, आयर्न ऑक्साइडचं घ्या. सावळी त्वचा नुसत्या दिसणाऱ्या प्रकाशानेही काळवंडते आणि साधं पारदर्शक सनस्क्रीन तो अडवत नाही.

डाग फिके करणारं हायड्रोक्विनोन क्रीम डॉक्टरांनी दिलं तरी साधारण तीन महिन्यांपलीकडे आपल्या मनाने चालू ठेवू नका. दीर्घकाळ लावल्यास काहींच्या गालांवर निळसर-काळी बारीक ठिपक्यांची झाक येते आणि ती घालवणं फार अवघड जातं. अशी झाक दिसली की क्रीम त्याच दिवशी थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.