दोघंही दिव्यांग असतील तर लग्नात कायद्याची अडचण येते का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही व्हीलचेअरवर, होणारा नवरा अंध, आणि घरचे ‘तुमचं दोघांचं करणार कोण?’ म्हणून अडून बसलेत. कायदा आडवा येत नाही. १९५४च्या विशेष विवाह कायद्यात वय, संमती, नातं आणि आधीचं लग्न बघतात. मनोविकाराबद्दल एक अट आहे, तिचा तुमच्याशी संबंध नाही. लग्नाची नोटीस ऑफिसात लागल्यावर घरच्यांनी हरकत घेतली तरी अपंगत्व हे त्यात कारण होऊ शकत नाही. आडवे येतात ते जिने आणि माणसं.

मला पोलिओ, डाव्या पायाला कॅलिपर. नवरा जन्मापासून अंध. मावशीचं एकच पालुपद, “दोघांतला एक तरी धडधाकट हवा गं.” आमच्याकडे स्वयंपाक तो करतो, बिलं, मीटर, औषधांवरच्या तारखा मी वाचते. ‘करणार कोण’चं उत्तर एवढंच आहे, पण ते तोंडी सांगून पटत नाही. त्याच्या हातच्या पोळ्या खाल्ल्यावर मावशीने विषय काढला नाही.

लग्नाच्या दिवशी विवाह नोंदणीचं ऑफिस पहिल्या मजल्यावर, लिफ्ट बंद. साडी आवरत एकेक पायरी बसून चढले. वर साहेबांनी माझ्या भावाला विचारलं, “यांना समजतंय ना काय चाललंय ते?” यांना म्हणजे माझ्या नवऱ्याला, जो बँकेत कर्जाच्या फायली हाताळतो! मग शाईचं पॅड पुढे आलं. तो म्हणाला, “पेन द्या. रेघ कुठे आहे तेवढं दाखवा.” मी त्याचं बोट रेघेवर टेकवलं. सही झाली, जरा तिरकी.

मला तेव्हा माहीत नव्हतं ते तुम्ही आधीच करा. याच कायद्याच्या कलम १२ प्रमाणे जादा फी भरून विवाह अधिकाऱ्याला वाजवी अंतरावरच्या दुसऱ्या ठिकाणी बोलावता येतं. नोटीस देतानाच तसा लेखी अर्ज करा, यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) झेरॉक्स जोडा आणि पोच घ्या. नोटीस आणि लग्न यांच्या मधे ३० दिवस असतातच. तोंडी भरवशावर राहू नका. २०२३ मध्ये व्हीलचेअर वापरणाऱ्या दिव्यांग हक्क कार्यकर्त्या विराली मोदी यांना मुंबईत खारच्या विवाह नोंदणी कार्यालयात दुसऱ्या मजल्यावर उचलून न्यावं लागलं, कारण कुणी खाली यायला तयार झालं नाही. उपमुख्यमंत्र्यांनी दखल घेतली, ती बातमी झाल्यावर. सरकारी इमारती सुगम करायला २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिलेली पाच वर्षं त्याआधीच, २०२२ मध्ये संपली होती.

पैशांचं थोडक्यात. राज्याच्या २०१४च्या प्रोत्साहन योजनेत ५० हजार रुपये होते, पण दिव्यांग आणि अव्यंग अशा जोडप्याला. दोघंही दिव्यांग म्हणजे तेव्हा बाद! अटी-रकमा बदलत असतात, तेव्हा अर्ज करताना सध्याचा शासन निर्णय मागून घ्या. दोघांपैकी कुणाला संजय गांधी निराधारचं अनुदान असेल तर तहसीलमध्ये आधी विचारा, कारण तिथे कुटुंबाचं उत्पन्न धरतात आणि लग्नानंतर कुटुंब बदलतं.

साक्षीदार तीन लागतात. त्यातला एक असा न्या, जो साहेबांना “त्यांनाच विचारा की” म्हणेल.