भाऊ रोज दारू पितो, शहरात भरती करणं परवडत नाही. घरी राहून सुटेल का?

तुम्ही लिहिलंय की भाऊ ३८ वर्षांचा, रोज संध्याकाळी देशीचे दोन पव्वे, आई आणि वहिनी समजावून थकल्या, आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या गावाहून नागपूरला महिनाभर ठेवण्याइतका पैसा नाही. घरी राहून सुटू शकते. पण दोन पव्वे रोज म्हणजे कमी नाही, म्हणून आधी एक तपासा.

सकाळी हात थरथरतात आणि घोट घेतल्यावरच थांबतात का? मागे कधी बंद केल्यावर फिट आली होती का? यातलं एकही हो असेल तर शपथ घालून एकदम बंद करायला लावू नका. शेवटच्या घोटानंतर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम होऊ शकतो. भिंतीवर किडे दिसतात, माणूस रात्री वावराकडे पळत सुटतो. गावात याला 'बाहेरचं' समजून झाडफूक करत बसतात आणि तेवढ्यात जीव जाऊ शकतो. हा पहिला आठवडा जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात काढा. आणि अशक्तपणा म्हणून कोणी ग्लुकोजची सलाईन लावत असेल, तर आधी बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं का ते विचारा. रोज पिणाऱ्याच्या अंगात ते कमी असतं, आणि नुसत्या ग्लुकोजनं मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

आता घरच्यांचं काम. दारूपेक्षा न पिणं जास्त फायद्याचं वाटेल अशी आजूबाजूची मांडणी करायची, ही पद्धत १९७३ मध्ये अमेरिकेत हंट आणि अझ्रिन यांनी मांडली. पुढे तिच्यातूनच घरच्यांना शिकवायची पद्धत निघाली. १९९९ च्या एका अभ्यासात, उपचाराला साफ नाही म्हणणाऱ्यांपैकी ६४ टक्के लोक घरचे असं शिकल्यावर उपचाराला आले. सगळ्यांनी मिळून घेरून जाब विचारण्याच्या पद्धतीत हा आकडा ३० टक्के होता. आपल्याकडे मामा-काका बोलावून बैठक बसवतात, ती हीच दुसरी पद्धत.

दोन आठवडे वही लिहा: वार, वेळ, सोबत कोण, पैसे कुठून आले, पिण्याआधी काय झालं, नंतर घरात काय झालं. बहुतेक वेळा बाजाराचा दिवस, कापसाचा चुकारा म्हणजे विक्रीचे पैसे, वावर राखायची जागलीची रात्र आणि पानठेल्यावरचे ठरावीक दोघं असंच काहीतरी निघतं. मग 'तो रोजच पितो' याऐवजी हातात एक वेळ येते.

समजा तो साडेसहाला वावरातून येतो, हातपाय धुतो आणि सातला निघतो. तुमचं सगळं काम या अर्ध्या तासात आहे. आल्याबरोबर चहा आणि खायला काहीतरी, कारण उपाशीपोटी तलफ वाढते. ज्या दिवशी न पिता आला त्या दिवशी वहिनींनी एवढंच म्हणावं, "आज न पेता आले, बरं वाटलं. पोरीचं गणित पाहून द्या." 'असंच रोज राहिले असते तर' हे शेपूट जोडलं की सगळं पाण्यात. पिऊन आला तर ताट झाकून ठेवायचं, भांडायचं नाही, समजवायचं नाही, आपापलं झोपायचं. रात्री अकराला गरम भाकर नाही, ठेल्यावरची उधारी आईनं फेडायची नाही, कामावर 'ताप आला' असा खोटा निरोप तुम्ही द्यायचा नाही. आईला हेच सगळ्यात जड जातं, तिच्याशी आधी बोला. फक्त तो बेशुद्ध पडला तर कुशीवर वळवा, एकटं सोडू नका, दवाखान्यात न्या. आणि तो हात उचलत असेल तर यातलं काही करू नका. आधी वहिनी आणि मुलांची सुरक्षितता, ११२ (पोलीस) किंवा १८१ (महिला हेल्पलाईन) वर फोन.

भाजीत चोरून कालवायची पावडर आणू नका. त्यात डायसल्फिराम, म्हणजे दारू प्यायल्यावर त्रास व्हावा म्हणून देतात ते औषध, असेल आणि तो वरून प्यायला, तर रक्तदाब कोसळून माणूस दगावू शकतो. हे औषध त्याच्या संमतीनं, डॉक्टरच्या देखरेखीखालीच.

गावाचा उपयोग आहे, पण चावडीवर हार घालून जाहीर शपथ देण्यात नाही. घसरला की तो लाजेनं पुन्हा ठेल्यावरच जातो. त्यापेक्षा न पिणारा एक माणूस शोधा, जो सातला त्याला घेऊन निघेल. गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना नेमकी संध्याकाळी असते. वेळ जुळते, म्हणून मला ती भावते. दारूबंदीवर फार भिस्त ठेवू नका. गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे, तरी तिथेही उपचार लागतातच.

उपचाराचा विषय तो शुद्धीत असताना, आदल्या रात्रीची लाज अजून ओली असताना काढा. दवाखान्याचा वार आणि एसटीची वेळ आधीच माहीत हवी. 'हो' म्हटल्यावर आठ दिवस गेले की ते हो उरत नाही. विचारपूस १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाईनवर मोफत होते.

सुटल्यावर पहिले तीन महिने चुकारा त्याच्या संमतीनं वहिनींच्या खात्यात घ्या, जागलीला एकट्याला पाठवू नका. पोळ्याची कर, म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस, आली की त्याला सकाळीच मुलांसह बहिणीकडे न्या. मध्ये एखाद्या दिवशी प्यायलाच तर दुसऱ्या दिवशी वही काढा आणि त्यालाच विचारा, काल सातला कोण भेटलं होतं.