जर्मनीत सोलर शिकायचंय? आधी इन्व्हर्टर शिक

तुझा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. इलेक्ट्रिकल बीईचं शेवटचं वर्ष, सीजीपीए ७.६, एक केटी (नापास होऊन मागे राहिलेला विषय) होती ती निघाली, घरून वीस लाखांपर्यंत कर्ज निघेल. जर्मनीत ‘सोलर’मध्ये मास्टर्स करून तिथेच नोकरी धरायची आहे. कोर्सच्या नावात सोलर असलंच पाहिजे का, आणि कोर्स इंग्लिशमध्ये असेल तर जर्मन कशाला शिकायची, हे तुझे दोन मुख्य सवाल.

आधी एक गैरसमज काढून टाक. जर्मनी सोलरमध्ये पुढे आहे म्हणजे तिथे पॅनेल बनतात, असं तू धरून चालला आहेस. तो काळ सरला. सोलरवर्ल्ड २०१७ आणि २०१८ मध्ये दोनदा दिवाळखोरीत गेली, क्यू-सेल्सने टालहाइममधलं उत्पादन २०१५ मध्येच बंद केलं, सोलरवॅटने ड्रेस्डेनमधलं मॉड्यूल, म्हणजे पॅनेल, बनवणं २०२४ मध्ये थांबवलं, आणि मायर बुर्गरच्या जर्मन कंपन्यांनी २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. चिनी पॅनेलच्या भावापुढे कुणाचाच टिकाव लागला नाही. सेल आणि मॉड्यूलच्या कारखान्यात प्रोसेस इंजिनिअर व्हायचं स्वप्न असेल तर आज गुजरात किंवा तमिळनाडूत जितक्या नव्या लाइन उभ्या राहतायत तितक्या जर्मनीत नाहीत. त्यासाठी कर्ज काढून युरोपात जाणं म्हणजे उलट्या दिशेचा प्रवास.

मग जर्मनीत आहे काय? बसवलेली क्षमता. २०२५ च्या सुरुवातीला ती १०० गिगावॅटच्या पुढे गेली, आणि २०३० पर्यंत २१५ गिगावॅटचं लक्ष्य कायद्यात लिहिलेलं आहे. एवढी वीज दुपारी एकदम ग्रिडवर आली की काय होतं, ही आता तिथली खरी डोकेदुखी. २०२४ मध्ये ४५७ तास असे होते की घाऊक बाजारात विजेचा भाव शून्याखाली गेला. म्हणून फेब्रुवारी २०२५ पासून नियम बदलले. भाव उणे असताना नव्या प्लांटला ग्रिडवर दिलेल्या विजेचे पैसे मिळत नाहीत, आणि स्मार्ट मीटरमधून नियंत्रण बसेपर्यंत बहुतेक नव्या छोट्या सिस्टिमना क्षमतेच्या ६० टक्क्यांपेक्षा जास्त वीज ग्रिडवर सोडता येत नाही. नोकऱ्या या गोंधळाभोवती आहेत: बॅटरी, इन्व्हर्टरचं (पॅनेलची डीसी वीज ग्रिडच्या एसीत बदलणाऱ्या यंत्राचं) कंट्रोल, ग्रिड जोडणीचा अभ्यास, प्लांटचं डिझाइन आणि देखभाल. पॅनेल हा आता किराणा माल झालाय. इंजिनिअरिंग त्याच्या मागच्या तारेत आहे.

अपवाद एकच, संशोधन. साध्या सिलिकॉन सेलची सैद्धांतिक मर्यादा २९.४ टक्के, आणि उद्योग तिच्या बराच जवळ पोचलाय. सिलिकॉन सेलच्या प्रकारांत पर्कची जागा टॉपकॉनने घेतली, हेटेरोजंक्शन आणि बॅक-कॉन्टॅक्ट हे प्रकार शेजारी आहेतच. पुढची उडी पेरोव्हस्काइट (सेलसाठीचं एक नवं द्रव्य) आणि सिलिकॉन एकावर एक ठेवलेल्या टँडेम सेलची. लाँगी या चिनी कंपनीने २०२५ मध्ये अशा सेलवर ३४.८५ टक्के गाठले, पण ते प्रयोगशाळेतल्या छोट्या सेलवर. छतावर पंचवीस वर्षं टिकणारं पेरोव्हस्काइट अजून सिद्ध व्हायचंय. टॉपकॉनचीही स्वतःची दुखणी आहेत: अल्ट्राव्हायलेटने हळूहळू उतरणारी क्षमता, ओलाव्याने खराब होणारे कॉन्टॅक्ट, आणि दोन मिलिमीटर काचेच्या डबल-ग्लास मॉड्यूलमध्ये आपोआप गेल्यासारखे दिसणारे तडे. यात रस असेल तर फ्रायबुर्गची फ्राउनहोफर आयएसई, बर्लिनचं हेल्महोल्ट्झ केंद्र, हामेलनजवळची आयएसएफएच ही ठिकाणं जगात पहिल्या रांगेतली. पण ती वाट पीएचडीची आहे. दोन वर्षांत कर्ज फेडायला लागायचं असेल तर ती तुझी वाट नव्हे.

आता कोर्स. नावात सोलर नसलं तरी चालतं. अनेकदा नसलेलंच बरं. ‘रिन्यूएबल एनर्जी’ नावाचे बरेच इंग्लिश कोर्स सोलर, वारा, बायोमास, धोरण, अर्थशास्त्र असं थोडं थोडं सगळं वाढतात. मुलाखतीत मात्र विचारतात की इन्व्हर्टरचा करंट कंट्रोल लूप कसा ट्यून करशील. इलेक्ट्रिकलवाल्याने पॉवर इलेक्ट्रॉनिक्स किंवा पॉवर सिस्टिम्स घ्यावं आणि थीसिस सोलरवर करावा, हे माझं स्पष्ट मत. आखनचं तांत्रिक विद्यापीठ पॉवर इलेक्ट्रॉनिक्स आणि बॅटरीसाठी नावाजलेलं आहे. कासेलला विद्यापीठ, फ्राउनहोफर आयईई ही संशोधन संस्था आणि शेजारच्या नीस्टेटालला इन्व्हर्टर बनवणारी एसएमए, असं सगळं जवळजवळ आहे. मात्र एसएमएनेही अलीकडे मोठी नोकरकपात केली, हे लक्षात ठेव. फ्रायबुर्गचा सस्टेनेबल सिस्टिम्स इंजिनिअरिंग आणि ओल्डेनबुर्गचा १९८७ पासून चालणारा रिन्यूएबल एनर्जीचा कोर्स हे त्या ‘सर्वसमावेशक’ गटातले चांगले पर्याय. मेकॅनिकल किंवा सिव्हिलवाल्यांना ते जास्त जमतात. मॉड्यूल हँडबुक (कोर्सच्या विषयांची माहितीपुस्तिका) उघडून एकच मोजणी कर: किती क्रेडिट्स गणित, कंट्रोल आणि सर्किटची आहेत? तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी असतील तर पुढचं पान उलट.

या कामात किती खोल प्रश्न येतात त्याचा एक नमुना देतो. एका स्ट्रिंगमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या माळेत, किती पॅनेल लावायचे? समज, मॉड्यूलचा ओपन-सर्किट (लोड नसतानाचा) व्होल्टेज २५ अंशांना ५२ व्होल्ट, तापमान गुणांक दर अंशाला उणे ०.२५ टक्के (म्हणजे थंडीत व्होल्टेज वाढतो), इन्व्हर्टरची कमाल मर्यादा १००० व्होल्ट. आपल्याकडे पठारावर सेलचं किमान तापमान १० अंश धर. २५ पेक्षा १५ अंश कमी, म्हणजे व्होल्टेज ३.७५ टक्के वाढून ५३.९५. अठरा पॅनेल लावले तर ९७१ व्होल्ट, चालून जातं. तेच डिझाइन जर्मनीत उणे १५ अंश धरून कर: ४० अंशांचा फरक, १० टक्के वाढ, ५७.२ व्होल्ट. अठरा पॅनेलला १०२९.६. थंडीच्या सकाळी पहिलं ऊन पडलं, इन्व्हर्टर अजून लोड घेत नाही, आणि इनपुट मर्यादेबाहेर गेला. वॉरंटीही गेली, कारण इन्व्हर्टरच्या लॉगमध्ये कमाल व्होल्टेज नोंदलेला असतो. म्हणून सतरा. आपल्याकडे कॉलेजात डेटाशीटवरचा एसटीसीचा (२५ अंशांच्या प्रमाणित चाचणीचा) आकडा घेऊन १००० भागिले ५२ करतात, एकोणीस लिहितात आणि पूर्ण मार्क मिळतात. उन्हाळ्यात उलटी बाजूही तपासायची: सेल ७० अंशांना गेल्यावर स्ट्रिंगचा व्होल्टेज एमपीपीटीच्या (इन्व्हर्टरमधल्या, पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणाऱ्या भागाच्या) खालच्या मर्यादेखाली घसरत नाही ना.

या उदाहरणातच शिक्षणातला फरक आला. आपल्याकडे जर्नल उतरवून सबमिशन होतं, युनिट टेस्ट, टर्मवर्क, तोंडी असे मार्क वाटत वाटत मिळतात. तिथे बहुतेक विषयांना सेमिस्टरच्या शेवटी एकच लेखी परीक्षा, मागच्या प्रश्नपत्रिका पाठ करून न निघणारी. हजेरी कुणी विचारत नाही, त्यामुळे पहिल्या सेमिस्टरला पोरं गाफील राहतात. एका विषयाला साधारणपणे तीन प्रयत्न. तिसऱ्यांदाही अनिवार्य विषय गेला तर प्रवेश रद्द, आणि तोच कोर्स दुसऱ्या जर्मन विद्यापीठातही सहसा करता येत नाही. केटी घेऊन पुढे सरकण्याची सवय तिथे महागात पडते. जायच्या आधी लिनिअर अल्जिब्रा, लाप्लास आणि एक सॉफ्टवेअर नीट हाताखालून घाल: सिम्युलिंक किंवा पीएलईसीएस, प्लांट डिझाइनला पीव्हीसिस्ट, ग्रिडच्या अभ्यासाला पॉवरफॅक्टरी. पायथनची पीव्हीलिब फुकट आहे, तिच्यापासून सुरुवात कर.

मार्कांचं गणित. जर्मन विद्यापीठं बहुधा सुधारित बव्हेरियन सूत्र लावतात: कमाल गुणांतून तुझे गुण वजा कर, त्याला कमाल वजा पासिंगने भाग, तिनाने गुण, एक मिळव. तुझं ७.६, पासिंग ४ धरलं तर २.२. पासिंग ५ धरलं तर २.४४. जर्मनीत आकडा जितका कमी तितका चांगला, आणि बऱ्याच ठिकाणी कट-ऑफ २.५ असतो, त्यामुळे मार्कशीटच्या मागे पासिंग ग्रेड पॉइंट छापलाय का ते बघ. नसेल तर विद्यापीठाकडून तसं पत्र घे. निघालेल्या एका केटीने बिघडत नाही.

कागदांत पहिलं एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे तुझी शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखला. भारतीय विद्यार्थ्यांना ते नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचं आहे, फी १८,००० रुपये. नावाचं स्पेलिंग दहावी, बारावी, मार्कशीट आणि पासपोर्टवर एकच हवं. वडिलांचं नाव एका ठिकाणी मधे, एका ठिकाणी गायब, आडनाव कधी पुढे कधी मागे, यावर मराठी मुलांचे अर्ज हमखास अडकतात. मग युनी-असिस्ट, म्हणजे अनेक विद्यापीठांचे अर्ज स्वीकारणारी संस्था: पहिल्या अर्जाला ७५ युरो, त्याच सेमिस्टरच्या पुढच्या प्रत्येकाला ३०. पंधरा ठिकाणी टाकण्यापेक्षा सहा ठिकाणी नीट टाक. खाजगी विद्यापीठात ‘गॅरंटीड ॲडमिशन’ देणाऱ्या एजंटपासून लांब राहा. त्याचं कमिशन तुझ्या फीमधूनच जातं.

पैसे. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (व्हिसासाठी खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं) एका वर्षाचे ११,९०४ युरो, महिन्याला ९९२ प्रमाणे सुटतात. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर हेच बारा लाख झाले. तुझ्या वीस लाखांत पहिलं वर्ष आरामात बसतं, खड्डा दुसऱ्या वर्षाला आहे, कारण राहण्याच्या परवान्याचं नूतनीकरण करताना पुन्हा पैसे दाखवावे लागतात. बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही, फक्त सेमिस्टरचं योगदान. पण फ्रायबुर्ग, स्टुटगार्ट, कार्लस्रुऽ ज्या राज्यात आहेत तिथे युरोपीय संघाबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो, म्हणजे दोन वर्षांत ६,०००. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात तर मास्टर्सला सेमिस्टरला ४,००० ते ६,००० युरो. वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. पहिल्या सेमिस्टरला कामाचे पैसे हिशेबात धरू नकोस. नंतरही पिझ्झा पोचवण्यापेक्षा संशोधन सहाय्यक किंवा कंपनीत वेर्कश्टुडेंट (शिकता शिकता अर्धवेळ काम करणारा) हो, पगार थोडा कमी असला तरी, कारण पुढची नोकरी बहुधा तिथूनच निघते.

आणि भाषा. कोर्सला लागत नाही, नोकरीला लागते. ग्रिडला प्लांट जोडायचे नियम जर्मनमध्ये, लो व्होल्टेजला व्हीडीई ४१०५ आणि मीडियम व्होल्टेजला ४११०. वीज कंपनीशी पत्रव्यवहार जर्मनमध्ये, छतावरचा इलेक्ट्रिशियन जर्मन बोलतो, आणि तोही तिथल्या बोलीत. सॉफ्टवेअरवाल्याचं इंग्लिशवर भागतं, आपलं नाही. जर्मनची बी-१ पातळी घेऊन जा आणि दुसऱ्या वर्षापर्यंत त्यापुढची बी-२ कर. डिग्रीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. ब्लू कार्डला (पदवीधरांच्या नोकरीसाठीचा वास्तव्य परवाना) २०२५ साली नव्या पदवीधरासाठी वर्षाला ४३,७५९.८० युरो पगाराची अट होती, ती दरवर्षी वाढते. बी-१ असेल तर ब्लू कार्डवर २१ महिन्यांत कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो, सगळ्यात खालच्या ए-१ पातळीवर २७.

तुझा डिप्लोमावाला मित्र विचारत होता त्याच्यासाठी: मास्टर्सच्या मागे धावण्यापेक्षा इलेक्ट्रिशियनची साडेतीन वर्षांची आउसबिल्डुंग, म्हणजे काम करत शिकायचं व्यवसाय प्रशिक्षण, बघ. शिकताना पगार मिळतो, आणि पॅनेल छतावर चढवून जोडणाऱ्या हातांची टंचाई इंजिनिअरपेक्षा जास्त आहे.

वेळापत्रक. निकाल जूनमध्ये लागला तर त्याच ऑक्टोबरचा हट्ट धरू नकोस. मधलं वर्ष बी-१, एपीएस आणि एखाद्या ईपीसी (प्लांट डिझाइन करून उभारून देणाऱ्या) कंपनीत साइटवर काम यांत घाल. डाड या जर्मन शिष्यवृत्ती संस्थेची ईपीओएस शिष्यवृत्ती हवी असेल तर दोन वर्षांचा अनुभव लागतोच, आणि पदवी सहा वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. अर्जांच्या मुदती कोर्सप्रमाणे मार्चपासून १५ जुलैपर्यंत पसरलेल्या असतात. व्हिसाला मुंबईत वेळ जातो, म्हणून लवकरच्या मुदतींचे कोर्स आधी धर. प्रवेशपत्र हातात पडलं त्याच दिवशी वसतिगृहाच्या यादीत नाव टाक, रांग लांब असते. आणि एक काम आजच करून टाक: आठही सेमिस्टरच्या सिलॅबसवर विभागाचा सही-शिक्का घे. एकदा टीसी घेतली की त्या शिक्क्यासाठी चार हेलपाटे होतात, आणि सुट्टी लागली की ऑफिसात कुणी भेटत नाही.