वाचक विचारतात : फ्रिज कशाला?

प्रश्न : मी पूर्व विदर्भातल्या एका खासगी वैद्यकीय महाविद्यालयात समाजवैद्यकशास्त्राची सहायक प्राध्यापक आहे. आमच्याकडे सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण बरेच. हायड्रॉक्सीयुरिया हे त्यावरचं औषध सुरू होतं, पण काही महिन्यांनी अनेक जण ते सोडून देतात. का सोडतात, याचा अभ्यास करायचा आहे. जनुकीय तपासण्याही जोडाव्यात, असं विभागप्रमुख म्हणतात. ६० लाखांचा प्रस्ताव तयार आहे. तो कुठे पाठवू?
– एक सहायक प्राध्यापक

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या निम्म्यात प्रश्न आहे, दुसऱ्या निम्म्यात ६० लाख आहेत आणि दोघांची गाठ कुठेच पडत नाही.

माणसं औषध का सोडतात हे जनुकं सांगणार नाहीत. एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी, रक्ताच्या तपासणीसाठी पुन्हा पुन्हा माराव्या लागणाऱ्या खेपा, मुलीचं लग्न मोडेल म्हणून ट्रंकेत लपवलेलं सिकलसेलचं कार्ड, हे सगळं घरी बसून, चहा घेऊन विचारावं लागतं. त्यासाठी लागतात दोन क्षेत्र-कार्यकर्ते (एक तरी गोंडी बोलणारा हवाच), प्रवासखर्च, छपाई, फोन आणि संख्याशास्त्रातल्या जाणत्या माणसाचे काही दिवस. जनुकीय तपासण्या काढून टाका. विभागप्रमुखांना म्हणावं, ‘सर, त्याचा वेगळा प्रस्ताव तुमच्या नावानं करू.’ बहुतेक पुन्हा विषय निघणार नाही.

मी हे शहाणपणाने सांगत नाही, फजितीने सांगतेय. १९९४ साली माझा पहिला प्रस्ताव गेला. गरोदर बायका लोहाच्या गोळ्या का टाळतात, एवढाच विषय. रक्ताचा एक थेंब घ्यायचा नव्हता. तरी खर्चाच्या पानावर संगणक, प्रिंटर आणि फ्रिज! ‘मागून घे गं, विभागाला होईल,’ असं एका ज्येष्ठांनी सांगितलं होतं. प्रस्ताव परत आला, त्यावर परीक्षकाचा इंग्रजीत शेरा होता, त्याचं मराठी एवढंच : फ्रिज कशाला? पुढे मी स्वतः परीक्षणाला बसले, तेव्हा मीही आधी शेवटचं पान उघडायला लागले. खर्चाच्या पानावर कळतं, या माणसाने अभ्यास मनात एकदा तरी करून पाहिलाय की नाही.

आता कुठे पाठवायचा ते. तुमच्या प्रश्नाचं सरळ घर म्हणजे आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) बाह्य संशोधन अनुदानं, म्हणजे बाहेरच्या संस्थांतल्या संशोधकांना मिळणारी. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झाली, ७ कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट घेऊन. तपासणीत सापडलेला रुग्ण उपचारावर टिकतो का, हा तुमचा प्रश्न त्या मोहिमेच्या थेट पुढचा आहे. हे पहिल्या परिच्छेदात लिहा. लोक असली वाक्यं चौथ्या पानावर पुरतात. मुंबईच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजीचं हिमोग्लोबिनच्या विकारांवर काम करणारं केंद्र चंद्रपूरला आहे. तिथे जाऊन भेटा, ईमेल नको. सहसंशोधक मिळाला तर प्रस्तावाला कणा येतो.

पण त्याआधी कॉलेजकडून किंवा नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून थोडी रक्कम मिळते का बघा आणि चाळीसएक रुग्णांशी बोलून घ्या. ‘आम्ही करू’ आणि ‘आम्ही करून पाहिलं’ यात परीक्षकाला फार फरक दिसतो. कुणी ‘सर्ब’ला (विज्ञान संशोधनाला अनुदान देणारी जुनी केंद्रीय संस्था) पाठवा म्हणालं तर तो सल्ला जुना आहे, २०२३ च्या कायद्याने तिची जागा अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनने घेतली. हैदराबादची इंडिया अलायन्स, वैद्यकीय संशोधनाला पैसे देणारी, २००८ पासूनची, ही प्रकल्पापेक्षा माणसावर पैसे लावते. तिच्या फेलोशिपचा विचार हातात एखादा शोधनिबंध आल्यावर करा.

कॉलेज खासगी आहे, म्हणजे डीएसआयआरची (केंद्राच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन विभागाची) मान्यता चालू आहे का हे आजच कार्यालयात विचारा. मुदत संपलेली असते आणि ते अर्जाच्या शेवटच्या संध्याकाळी कळतं. संशोधन नैतिक आहे का ते तपासणाऱ्या एथिक्स कमिटीचंही तसंच : २०१९ च्या नियमांपासून तिची आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणी लागते.

आणि मंजुरीचं पत्र आलं की पेढे आधी लेखा विभागात न्या. थट्टा नाही ही. माझ्या एका प्रकल्पाचा पहिला हप्ता फेब्रुवारीत आला, ३१ मार्चला वर्ष संपलं. खर्चाचा हिशेब, म्हणजे युटिलायझेशन सर्टिफिकेट, एका टेबलावर अडकला आणि दुसरा हप्ता ११ महिने आला नाही. आमच्या क्षेत्र-कार्यकर्तीचा पगार मी पदरचा दिला. तिने तो घेतला आणि म्हणाली, ‘मॅडम, याची पावती कुणाच्या नावानं करू?’ मला आजही उत्तर सुचलेलं नाही. तुम्ही फॉर्म १२-ए, म्हणजे त्याच सर्टिफिकेटचा नमुना, आत्ताच डाउनलोड करून त्यातले रकाने वाचा आणि खर्चाची डायरी पहिल्या दिवसापासून त्याच रकान्यांत लिहा.

प्रश्न : मी बीएएमएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आयसीएमआरची दोन महिन्यांची विद्यार्थी योजना आम्हाला का नाही?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : ती १९७९ पासूनची योजना एमबीबीएस आणि बीडीएसवाल्यांसाठी. तुमच्यासाठी सीसीआरएएसची (केंद्राच्या आयुर्वेद संशोधन परिषदेची) ‘स्पार्क’ आहे, २०२२ साली सुरू झालेली : दोन महिने, महिना २५,००० रुपये. मार्गदर्शक निवडताना नाव मोठं बघू नकोस, ओपीडीत रोज बसणारे बघ. दोन महिन्यांत ‘आयुर्वेद आणि मधुमेह’ होत नाही. ‘आमच्या ओपीडीतले किती जण पथ्याचा कागद घरी गेल्यावर वाचतात’ हे होतं.

प्रश्न : माझा मामेभाऊ इंग्लंडमधल्या विद्यापीठात आहे. गुडघेदुखीवर आम्ही मिळून काम करू, पैसे ते पाठवतील. मी नाशिकला फिजिओथेरपी शिकवतो. अडचण काय?
– एक फिजिओथेरपिस्ट

उत्तर : मामेभाऊ नाही, पैसे अडचणीचे आहेत. परदेशी सहभागाच्या आरोग्य संशोधनाला आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची परवानगी लागते, आणि तो अर्ज आयसीएमआरमार्फत जातो. पैसे तुमच्या खात्यावर मागवू नका, अगदी प्रवासखर्चही. संस्थेची एफसीआरए नोंदणी, म्हणजे परदेशी निधी घेण्यासाठी कायद्याने लागणारी नोंदणी, आहे का ते आधी विचारा. त्या कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीपासून असे पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. तुमच्या कॉलेजसमोरची शाखा कितीही ओळखीची असली तरी चालत नाही.